नायकाचा चेहरा आणि न चाललेला खटला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील चित्रपट-परीक्षणे मी वर्षानुवर्षे नेमाने वाचत आले आहे. कायदा हाती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावरचा एखादा मारधाडपट आला की त्यावरील परीक्षणाचा सूर बहुधा ठरलेला असतो. कथा जुनीच आहे, पटकथा ठिकठिकाणी उसवलेली आहे, उत्तरार्ध रेंगाळतो, मात्र नायकाने एकहाती चित्रपट तारून नेला आहे, असे म्हटले जाते आणि तीन तारे देऊन विषय संपतो. या निकालाशी माझे भांडण नाही. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की परीक्षण जिथे थांबते तिथून पुढचे लिहिणे अधिक गरजेचे आहे. पटकथेत जे नव्हते ते नटाने कशाच्या बळावर भरून काढले, हे वाचकाला कळले पाहिजे, कारण पोलीसपटाची पटकथा बहुतेक वेळा एकाच जागी उसवलेली असते. नायक ज्याला गोळी घालतो तो माणूस खरोखरच गुन्हेगार होता, हे कोणी आणि कशावरून ठरवले, ती ही जागा. तिथे पुरावा नसतो, साक्ष नसते, न्यायाधीश नसतो; तिथे नटाचा चेहरा असतो, आणि आपण त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून टाळी वाजवतो.

मी मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांत लघुलेखिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. साक्षीदार बोलेल ते आणि न्यायाधीश सांगतील ते उतरवून घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि सुट्टीच्या दिवशी शिवाजी मंदिरला नाटक नाहीतर प्लाझाला सिनेमा हा आमच्या घरचा शिरस्ता होता. नटाच्या कामाबद्दल मला आदर आहे, तसाच तो पोलिसांच्या कामाबद्दलही आहे. दोघांपैकी कोणालाही कमी लेखावे म्हणून मी हे पत्र लिहीत नाही.

उदाहरणादाखल एखादा सुमार चित्रपट घेणे सोपे आहे, परंतु मुद्दा चांगल्या चित्रपटावर तपासून पाहावा, म्हणून ‘अब तक छप्पन’ घेते. शिमित अमीन यांचे दिग्दर्शन असलेला हा पहिलाच चित्रपट २००४ साली आला. मुंबई पोलिसांतला चकमकींसाठी ओळखला जाणारा अधिकारी साधू आगाशे हा त्याचा नायक, आणि त्याच्या खात्यावर जमा झालेल्या मृतांचा आकडा हेच चित्रपटाचे नाव. नाना पाटेकर यांची तोवरची लोकप्रियता चढ्या आवाजावर आणि लांबलचक, धगधगत्या संवादांवर उभी होती. या भूमिकेत त्यांनी ती सगळी शस्त्रे खाली ठेवली. सकाळची गाडी पकडून कचेरीत जाणारा माणूस जितक्या सहजपणे वावरतो, तितक्या सहजपणे त्यांचा साधू आगाशे चकमकीला निघतो. परदेशात बसलेल्या टोळीप्रमुखाशी तो फोनवर बोलतो तेव्हा दोघांमध्ये जुन्या ओळखीची थट्टा चाललेली असते, आणि त्या थट्टेत नानांचा आवाज पट्टी सोडत नाही. धमकी नेमकी कुठे सुरू झाली हे ऐकणाऱ्याला मागाहून लक्षात येते. खात्यात नव्याने दाखल झालेल्या तरुणाला शिकवताना त्यांच्या बोलण्यात वडीलकी असते, घरी पत्नीसमोर ते मवाळ होतात, आणि या मवाळपणातही दिवसभराचा थकवा त्यांनी कुठे पुसून टाकलेला नाही. ज्यांनी नानांना ‘पुरुष’ नाटकात रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना या संयमाचे मोल विशेष कळेल. हा चित्रपट आजही पाहावासा वाटतो तो मुख्यतः या कामामुळे, हे मी मनापासून मान्य करते.

आता याच कामगिरीची दुसरी बाजू पाहावी. साधू आगाशे चुकीच्या माणसाला मारणार नाही, अशी खात्री आपल्याला चित्रपटभर वाटत राहते. ही खात्री कुठून येते? एखाद्या खटल्याचे कागद आपण पाहिलेले नसतात, मारल्या गेलेल्याची बाजू कोणी मांडलेली नसते. खात्री येते ती त्या थकलेल्या, समंजस, घरंदाज चेहऱ्यावरून. इतका सरळ माणूस अन्याय करणार नाही, असे आपण मनातल्या मनात म्हणतो आणि तपासापासून निकालापर्यंतचे सगळे टप्पे एका झटक्यात ओलांडून जातो. सामान्य नट असता तर आपण निदान अडखळलो असतो. थोर नट आपल्याला अडखळू देत नाही. म्हणूनच नायकाने चित्रपट तारला असे म्हणताना त्याने त्याबरोबर आणखी काय पलीकडे नेले, याची नोंद झाली पाहिजे.

मुंबईत हा प्रश्न पडद्यापुरता राहिलेला नाही. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला, तेव्हापासून या शहराला चकमक हा प्रकार परिचयाचा झाला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली आणि त्यांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न न्यायालयात गेला. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरमध्ये निर्देश दिले. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, आणि चकमकीनंतर लगेच संबंधितांना पदोन्नती किंवा शौर्यपदक देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पदकाचा हा उल्लेख बारकाईने वाचण्यासारखा आहे. न्यायालयाला तो करावा लागला, कारण समाजाने आणि शासनाने आधीच नायक निवडून ठेवलेले होते.

रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया या कथित गुंडाचे प्रकरण तर आपल्या वाचकांना आठवत असेलच. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला त्याच्या मित्रासह वाशीतून उचलण्यात आले आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्याला नाना-नानी पार्कजवळ तो चकमकीत मारला गेल्याचे सांगण्यात आले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलून नेल्याचे कळताच त्याने पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स केले होते, आणि त्या कागदांवर वेळ होती. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकीकत आणि त्या तारांवरची वेळ यांचा मेळ बसेना. २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप ठोठावली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डझनभर पोलिसांची शिक्षा कायम केली आणि खालच्या न्यायालयात निर्दोष सुटलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही दोषी ठरवले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मला इथे सांगायचे आहे ते एवढेच की, २००६ च्या त्या संध्याकाळी वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी ज्यांच्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवला, ते चेहरे चित्रपटातल्या नायकाइतकेच विश्वासार्ह वाटले होते. खरे काय ते एका तारेवरच्या वेळेवरून शोधायला सुरुवात झाली, आणि न्यायालयाला तिथवर पोहोचायला वर्षे लागली.

हैदराबादेत डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने त्या आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष काढला आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचेही नमूद केले. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गाडीत मारला गेला तेव्हा पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये पुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्या लहान मुलींसाठी प्रत्येक घरात संताप होता, माझ्याही घरात होता. पण खटला चालला असता तर त्या शाळेत आणखी कोणाकोणाचे दुर्लक्ष झाले, हे साक्षीपुराव्याने बाहेर आले असते. मुख्य आरोपीबरोबर त्याची साक्षही गेली.

न्यायालयात एक क्षण असा असतो की जो पोलीसपटात मी क्वचितच पाहिला आहे. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. कोठडीचा अर्ज वाचला जातो, आणि दंडाधिकारी मान वर करून त्या माणसाला विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” बहुतेक आरोपी उत्तर देण्याआधी बाजूला उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहतात. “तक्रार नाही” हे दोन शब्द मी असंख्य वेळा टिपून घेतले आहेत. मात्र कधीतरी एखादा काहीही न बोलता शर्टाची बाही वर सरकवतो, आणि मग दंडाधिकारी तिथल्या तिथे वैद्यकीय तपासणीचा आदेश देतात. त्या एका प्रश्नामुळे कोठडीतला माणूस बाहेरच्या जगाला दिसतो. नायकाच्या करड्या नजरेने हा प्रश्न अनावश्यक ठरवला जातो, आणि प्रेक्षक म्हणून आपल्याला त्याची उणीवही जाणवत नाही, हे मला गंभीर वाटते.

याच्या उलट वाटेने जाणारा पोलीसपट आपल्याच भाषेतल्या कथेतून उभा राहिला, याचा मला अभिमान आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ केला. तो चित्रपटही नायकाच्याच खांद्यावर आहे. ओम पुरी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु अनंत वेलणकर या उपनिरीक्षकाच्या चेहऱ्यावर ओम पुरींनी कुठेही खात्रीचा शिक्का उमटू दिला नाही. उपाहारगृहात त्याची मैत्रीण ज्योत्स्ना हिने दिलेल्या पुस्तकातली दिलीप चित्रे यांची कविता तो सहज म्हणून वाचायला घेतो, आणि ओळीमागून ओळ जाते तसा त्याचा आवाज जड होत जातो, हा प्रसंग अनेकांना आठवत असेल. वाचणाऱ्याला स्वतःविषयी काही उमगते आहे आणि ते त्याला नको आहे, हे त्या चेहऱ्यावर दिसते. पुढे दरोडेखोराला पकडल्याचे श्रेय दुसऱ्याला मिळते, अपमान आणि दारू डोक्यात जाते, आणि रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेला एक फुटकळ चोर वेलणकरच्या हातून कोठडीत मार खाऊन मरतो. इथे चित्रपट आपल्याला टाळी वाजवू देत नाही. ज्या हातांनी गुंडाला धडा शिकवावा असे आपल्याला वाटत होते, त्याच हातांनी हे केले, आणि दोन्ही वेळा राग तोच होता. सदाशिव अमरापूरकर यांनी रंगवलेला गुंड रामा शेट्टी शेवटी वेलणकरच्या हातून मरतो, आणि तो खून करून वेलणकर स्वतःच पोलीस ठाण्यात हजर होतो. या शेवटात विजय नाही. तेंडुलकरांनी तो तसा लिहिला आणि ओम पुरींनी तो तसाच पेलला. पटकथेतली जागा रिकामी नसेल तर मोठा नट काय करू शकतो, त्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हा विचार परक्या भूमीवरही झालेला आहे. अमेरिकेत १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ आला. सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस निरीक्षक खुन्याच्या जखमी पायावर पाय देऊन त्याच्याकडून माहिती काढतो, आणि तो पुरावा न्यायालयात टिकणार नाही म्हणून खुनी सुटतो, असे कथानक आहे. क्लिंट ईस्टवुड यांच्या थंड, कोरड्या अभिनयामुळे ती व्यक्तिरेखा जगभर पोहोचली. पॉलीन केल या समीक्षिकेने न्यूयॉर्करमध्ये त्यावर लिहिताना चित्रपट अत्यंत कसबाने बनवला आहे हे कबूल केले, आणि त्याच लेखात त्याची विचारदिशा हुकूमशाहीकडे झुकणारी आहे असे ठणकावून सांगितले. एकाच परीक्षणात दोन्ही गोष्टी सांगता येतात. कसबाचे कौतुक केले म्हणजे आशयाबद्दल गप्प बसावे लागत नाही.

प्रेक्षकांचा राग खोटा आहे, असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. ज्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना पडद्यावरचा झटपट न्याय गोड का वाटतो हे मी जवळून पाहिले आहे. पंच ऐन वेळी उलटतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन् महिने येत नाही. तळोजाच्या तुरुंगातून आरोपीला आणायला पोलीस पथक मिळाले नाही म्हणून तारीख पडते, आणि गावाहून एक दिवसाची रजा काढून आलेला साक्षीदार न बोलताच परत जातो. बलात्काराच्या खटल्यात मुलीची साक्ष होईपर्यंत तिचे लग्न झालेले असते आणि सासरच्यांना यातले काही माहीत नसते. या सगळ्याची चीड यायलाच हवी. पण बहुतेक पोलीसपट यातल्या एकाही गोष्टीकडे बोट दाखवत नाहीत. ते न्यायाधीशाला भित्रा आणि वकिलाला विकाऊ दाखवून मोकळे होतात, आणि आपल्या खऱ्या संतापावर गोळीचा तोडगा देतात.

न्यायालयात नाट्य नसते म्हणून ते दाखवता येत नाही, हा समज मला पटत नाही. एका खटल्यात एक तरुण उपनिरीक्षक साक्षीला उभा होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याला दुपारच्या सत्रात मुद्देमालाच्या पाकिटाखेरीज दुसरे काहीही विचारले नाही. लाखेवरचे सील कोणाचे, पंचनामा झाल्यावर ते सील कोणाच्या ताब्यात होते, पंचांनी लेबलवर सह्या पाकीट बंद होण्याआधी केल्या की नंतर, स्टेशन डायरीतली नोंद किती वाजताची. त्याचा गणवेश घामाने पाठीला चिकटला होता, हातातली टोपी तो एकसारखी फिरवत होता. एका प्रश्नाला त्याने “आठवत नाही” असे सरळ उत्तर दिले. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला, कारण एखादे सोयीचे उत्तर देऊन त्याला सुटता आले असते. निकालपत्र मीच टंकलिखित केले. त्यात न्यायाधीशांनी नेमके तेच उत्तर उद्धृत करून हा साक्षीदार पढवलेला नाही असे म्हटले होते, आणि आरोपींना शिक्षा झाली. आज जे नट बंदूक रोखून पडदा भरून टाकतात, त्यांच्यापैकी कोणालाही ही दुपार द्यावी. त्यांच्या ताकदीचा नट त्या पिंजऱ्यात दहा मिनिटे उभा राहिला तर प्रेक्षागृहात चिटपाखरू हलणार नाही, असा माझा विश्वास आहे. लिहिणाऱ्यांनी तो प्रसंग लिहायला हवा, निर्मात्यांनी त्यावर पैसा लावायला हवा.

आता आपल्या दैनिकाकडे दोन विनंत्या. कडक शिस्तीच्या अधिकाऱ्याची बातमी देताना ‘सिंघम’, ‘लेडी सिंघम’ अशी विशेषणे मथळ्यात वापरण्याची पद्धत आपल्या सर्वच मराठी वृत्तपत्रांत रुळली आहे. ती कृपया थांबवावी. ज्या चित्रपटावरून हे विशेषण आले, त्याच्या शेवटी सगळे पोलीस दल मिळून एका राजकारण्यावर चालून जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन पोलीस फाउंडेशनच्या कार्यक्रमात याच शेवटाचा उल्लेख करून, खरोखर न्याय झाला का, असा प्रश्न विचारला होता आणि असे चित्रपट घातक संदेश देतात असे बजावले होते. एखादी महिला अधिकारी रीतसर तपास करून गुन्हा सिद्ध करते, तेव्हा तिला तपास झुगारणाऱ्या व्यक्तिरेखेचे नाव देणे हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे. तिने केलेला तपास दोन वाक्यांत सांगावा. वाचक तो आवडीने वाचतील.

दुसरी विनंती आपल्या चित्रपट-समीक्षकांना आहे. यापुढे कायदा हाती घेणाऱ्या पोलिसावरचा चित्रपट आला, नायकाने तो तारला असे त्यांचे मत झाले, तर त्यांनी त्या नटाची आणखी दोन-चार वाक्यांत सविस्तर दखल घ्यावी : त्याने डोळे, आवाज, थांबणे, चालणे यांतून काय साधले ते आम्हाला दाखवून द्यावे. आणि त्याबरोबर एक माहिती अवश्य द्यावी, की या चित्रपटात नायकाच्या हातून जितके मरतात, त्यांच्यापैकी किती जणांवरचा आरोप पडद्यावर कोणी तपासून पाहिला. उत्तर शून्य असेल तर शून्य छापावे, आणि नटाला द्यायची ती दाद त्याच परीक्षणात मोकळ्या मनाने द्यावी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका,
परळ, मुंबई